कुलाब्याचे दोन तक्ते

मुंबईहून पुण्याला जाणाऱ्यांना कळंबोली ठाऊक असते ती ट्रॅफिकसाठी. त्याच हायवेजवळ, नवीन पनवेलच्या सेक्टर १८मध्ये, भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. सूर्य आणि पृथ्वी यांच्यातल्या भानगडींचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या मंडळींना या संस्थेची ओळख एका आकड्यामुळे आहे. तो आकडा म्हणजे उणे १६००. तो २००३ साली एका शोधनिबंधात छापून आला आणि त्यावर वीस वर्षं वाद चालला. आकडा मूळचा २ सप्टेंबर १८५९चा. तो कुणी, कशानं, कुठल्या शिस्तीत टिपला आणि पुढच्या जाणकारांनी त्याचा पिच्छा कसा पुरवला, हे उपलब्ध कागदांवरून बरंचसं लावता येतं.

पहिला कागद म्हणजे १८६० साली भायखळ्याच्या बॉम्बे एज्युकेशन सोसायटी प्रेसमध्ये छापलेला जाड ग्रंथ. १८५९ या वर्षात मुंबईच्या सरकारी वेधशाळेत घेतलेल्या चुंबकीय आणि हवामानविषयक निरीक्षणांची ती वार्षिक वही. अधीक्षक म्हणून नाव आहे इंडियन नेव्हीचे लेफ्टनंट ई. एफ. टी. फर्ग्युसन यांचं. आत बहुतेक सगळे तक्तेच आहेत. वाचायला बसावं असं पुस्तक हे नव्हे, पण जपायला हवं असं नक्कीच आहे.

ही सरकारी वेधशाळा म्हणजे कुलाब्याची. ईस्ट इंडिया कंपनीनं ती १८२६ साली काढली, मुख्यतः खगोलवेधासाठी आणि बंदरातल्या जहाजांना बिनचूक वेळ मिळावी म्हणून. चुंबकीय वाचनं १८४१पासून सुरू झाली. त्यावेळी आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार हे एल्फिन्स्टनचे प्राध्यापक तिथलं काम बघत. मराठी वाचकाला या इमारतीत दोन माणसं ओळखीची भेटतात. एक दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर, ज्यांनी काही काळ या वेधशाळेची धुरा सांभाळली. दुसरे केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना. ते पोरसवदा वयात ऑर्लेबारांच्या हाताखाली इथे सहायक म्हणून लागले आणि १८४०च्या दशकाचा मोठा भाग त्यांनी इथे आकडे टिपण्यात घालवला. पुढे पुण्यात त्यांनी टिळकांना गणित शिकवलं, एवढंच आपल्या लक्षात राहिलं. या गणितज्ञाचा हात आधी रोजच्या कंटाळवाण्या वाचनांवर बसला होता, हे त्याच्या चरित्रातलं मला सगळ्यात आवडणारं प्रकरण आहे.

कंटाळवाणी म्हटलं ते उगाच नाही. या वाचनांची पद्धत कुलाब्यात ठरलेली नव्हती. जर्मनीत गाउस आणि हुम्बोल्ट यांनी १८३०च्या दशकात एक साखळी उभी केली होती. ठरलेल्या दिवशी, ग्योटिंगेनच्या घड्याळाप्रमाणे, सगळ्या ठिकाणी एकाच क्षणी चुंबकसुईचं वाचन करायचं, दर पाच मिनिटांनी, अखंड चोवीस तास. मग लंडनच्या रॉयल सोसायटीनं ती कल्पना उचलली, छापील सूचना काढल्या आणि कंपनी सरकारनंही आपल्या मुलखातल्या वेधशाळा त्या साखळीत गोवल्या. डब्लिनचे हम्फ्री लॉइड यांनी उपकरणांची रचना केली आणि त्याच शहरातल्या टॉमस ग्रब यांनी ती घडवली. सिमल्याचा आकडा सिंगापूरच्या आकड्याशेजारी मांडता आला पाहिजे, तर दोन्हीकडे यंत्र एका जातीचं, घड्याळ एक आणि वाचायची रीत एक हवी. आज आपण ज्याला डेटा गोळा करण्याची मानकं म्हणतो, त्यातलं जवळजवळ सगळं त्या सूचनांत आलेलं होतं.

यंत्र कसं चालायचं ते जरा जवळून पाहू. आडवं बल, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा जमिनीला समांतर असणारा भाग, मोजण्यासाठी एक चुंबकपट्टी दोन समांतर दोऱ्यांवर टांगलेली असे. दोऱ्यांना पीळ देऊन पट्टी उत्तर-दक्षिण दिशेला आडवी धरायची. क्षेत्राचा जोर बदलला की पट्टी किंचित फिरते. हे फिरणं डोळ्यांना दिसत नाही, म्हणून खोलीत अंतरावर पक्की बसवलेली दुर्बीण. तिच्यातून एका बारीक मोजपट्टीवरचा भाग वाचायचा आणि लगेच लिहायचा. चुंबक तापला की त्याची ताकद उतरते, म्हणून शेजारच्या थर्मामीटरचा आकडाही त्याच ओळीत. अशा खोलीत लोखंड चालत नाही, तेव्हा किल्ल्या आणि चाकू बाहेर. एरवी तासाला एक वाचन. पट्टी अस्वस्थ दिसली की मधली वाचनं, पंधरा मिनिटांनी, आणि फारच खळबळ असेल तर पाच-पाच मिनिटांनी. रात्रपाळीही असे. म्हणजे दिव्याच्या उजेडात एक डोळा मिटून भाग वाचणारा कोणीतरी पगारी सहायक रोज तिथे बसलेला असे.

२ सप्टेंबर १८५९, शुक्रवार. भाद्रपदाचा शुद्ध पक्ष, गणपतीचे दिवस. कंपनी सरकार जाऊन राणीचं राज्य येऊन वर्षही झालेलं नव्हतं. सकाळी कुलाब्याच्या खोलीत आडवं बल आधी थोडं वर उडालं आणि मग कोसळलं. सुमारे दीड तासात ते तळाला गेलं. आजच्या हिशोबानं तो तळ जागतिक वेळेच्या ६ वाजून २० ते २५ मिनिटांचा. मुंबईची स्थानिक वेळ त्यापुढे ४ तास ५१ मिनिटं धावत असल्यानं शहरात तेव्हा सकाळचे सव्वाअकरा वाजत आले होते. कुलाब्याचं काम पुढे ज्या अलिबागला गेलं, तिथे आज हे बल सुमारे ३८ हजार नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचं एकक) भरतं. त्या सकाळची घसरण त्याच्या चार टक्क्यांच्या आसपास होती. आकडा छोटा वाटतो खरा, पण मुंबईसारख्या विषुववृत्ताकडच्या ठिकाणी एरवी काहीशे नॅनोटेस्लाचं चुंबकीय वादळसुद्धा मोठं समजतात.

भर दिवस, त्यात पावसाळा. आकाशात दिसण्यासारखं काही नव्हतंच. हवाई आणि क्यूबात लोक रात्री लाल आकाश बघत होते, अमेरिकेत तारायंत्रं बॅटरी काढून टाकल्यावरही चालत होती. मुंबईत मात्र या घटनेची साक्ष होती ती दुर्बिणीतून भाग वाचणाऱ्या एका माणसापाशी.

हे सगळं कशामुळे झालं याचा धागा आदल्या दिवशीचा, इंग्लंडमधला. सरे परगण्यात रेडहिल इथे खगोल-अभ्यासक रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरचे डाग पडद्यावर घेऊन त्यांचं चित्र काढत होते. सव्वाअकराच्या सुमारास डागांच्या गर्दीत दोन पांढरे लखलखीत ठिपके उमटले. कॅरिंग्टन साक्षीदार आणायला धावले आणि मिनिटभरात परतले, तोवर ठिपके विझत आलेले. एकट्यानं पाहिलेल्या गोष्टीची किंमत काय असते, हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं. सुदैवानं लंडनच्या हायगेट भागात रिचर्ड हॉजसन यांनीही तेच पाहिलं, स्वतंत्रपणे. रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात दोघांच्या हकिकती बरोबर आल्या. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेच्या चुंबकीय नोंदीतही त्याच वेळी एक झटका दिसला. तरीही या दोन गोष्टींचा संबंध आहेच असं कॅरिंग्टननी ठामपणे म्हटलं नाही. एका उदाहरणावर नियम बांधू नये, असा त्यांचा सूर होता.

आता गंमत बघा. क्यू आणि ग्रिनिचला तोवर नवं तंत्र आलं होतं. चुंबकावरच्या आरशातून प्रकाशाचा ठिपका फिरत्या फोटोच्या कागदावर पडे आणि रेष आपोआप उमटे. रात्रपाळीचा माणूस नको, डोळ्यांची चूक नको. पण सप्टेंबरचं वादळ असं काही आलं की ठिपका कागदाच्या बाहेरच निघून गेला. नेमक्या मोक्याच्या क्षणी कागद कोरा. कुलाब्याला ते यंत्र पोहोचायला अजून दशकाहून अधिक काळ होता, म्हणून तिथे माणूस बसला होता आणि कुलाब्याची नोंद टिकली. मागासलेपणाचा असा फायदा फार क्वचित होतो, आणि त्यावरून यंत्रांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण उपकरणाचा पल्ला किती, तो ओलांडला तर काय करायचं, हे आधी ठरवून ठेवायचं असतं, एवढं त्या कोऱ्या कागदानं तेव्हाच्या लोकांना नक्की शिकवलं.

मधली चाळीस वर्षं पटकन ओलांडतो. वाचनं चालू राहिली, फोटोचं यंत्र आलं, अधीक्षक बदलले. १८९६ साली संचालक झालेले नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांच्यापुढे मात्र एक पेच आला. मुंबईत विजेची ट्राम येणार होती. रुळांतून परतणारा वीजप्रवाह आसपासचं चुंबकीय क्षेत्र ढवळून काढतो. म्हणजे कुलाब्यातल्या पुढच्या सगळ्या नोंदी पृथ्वीच्या कमी आणि ट्रामच्या जास्त झाल्या असत्या. मूस यांनी समुद्रापलीकडे, तिसेक किलोमीटरवर, अलिबागला जागा घेतली. इमारतीसाठी चुंबकत्व नसलेला पोरबंदरचा दगड आणला. अलिबागला १९०४ साली वाचनं सुरू झाली, तरी कुलाबा लगेच बंद केला नाही. १९०६पर्यंत, सुमारे दोन वर्षं, दोन्हीकडे एकाच वेळी वाचनं घेतली आणि एका ठिकाणचा आकडा दुसऱ्याशी जुळवण्याचा हिशोब बसवला. मगच कुलाबा थांबला. विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजी धावली.

त्या दोन वर्षांचा खर्च तेव्हाच्या एखाद्या हिशोबनिसाला नक्की खुपला असेल. एकाच कामाला दोन ठिकाणी पगार! पण त्यामुळेच कुलाबा आणि अलिबाग ही एकच सलग मालिका मानता येते आणि ती जगातल्या लांबलचक मालिकांपैकी एक आहे. आपल्याकडे पर्जन्यमापक कचेरीच्या एका अंगणातून दुसऱ्या अंगणात हलवतात आणि वहीत त्याची ओळही येत नाही. ते पाहिलं की मूस मोठे वाटू लागतात. त्यांनी १९१० साली १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या निरीक्षणांचं दोन भागांतलं विवेचनही छापलं.

१९७१ साली या वेधशाळेची स्वायत्त संस्था झाली, तीच आजची भारतीय भूचुंबकत्व संस्था. भूचुंबकत्वाचं जागतिक डेटा केंद्रही १९९१पासून तिच्याकडे आहे. याच संस्थेतल्या दोघांनी, संचालक गुरबक्ष लखिना आणि एस. अॅलेक्स यांनी, अमेरिकेचे ब्रूस त्सुरुतानी आणि ब्राझीलचे वॉल्टर गोन्झालेस यांच्यासोबत १८५९ची कुलाब्याची वाचनं पुन्हा उघडली. निबंध २००३ साली जर्नल ऑफ जिओफिजिकल रिसर्चमध्ये आला. त्यांनी जुन्या ब्रिटिश मापांतले आकडे नॅनोटेस्लात आणले आणि कुलाब्याची घसरण सुमारे १६०० ठरवली, चूक दहाच्या आत. ध्रुवीय प्रकाश किती खालच्या अक्षांशापर्यंत दिसला यावरून स्वतंत्र हिशोबानं त्यांनी वादळाचा निर्देशांक, म्हणजे त्याच्या जागतिक जोराचं माप, उणे १७६० काढला. दोन वाटांनी आलेले दोन आकडे एकमेकांच्या जवळ. नोंदवलेलं सर्वांत मोठं वादळ हेच, असा निष्कर्ष निघाला.

तुलनेसाठी सांगायचं तर १३ मार्च १९८९च्या ज्या वादळानं कॅनडातल्या क्वेबेकची वीज नऊ तास घालवली आणि साठ लाख लोक अंधारात बसले, त्याचा निर्देशांक उणे ५८९ होता. मे २०२४मध्ये लडाखमधल्या हानले इथून लाल आकाशाचे फोटो आले, ते वादळ उणे ४००च्या आसपासचं. त्यामुळे उणे १७६० हा आकडा वीज कंपन्या आणि विमा कंपन्या यांच्या टेबलांवर जाऊन बसला यात नवल नाही.

निबंध छापण्याआधी तज्ज्ञांनी तपासला होता. पीअर रिव्ह्यू म्हणतात तो हाच. पण आपल्याकडे समजूत अशी की ही तपासणी म्हणजे पोलिस व्हेरिफिकेशन, एकदा शिक्का पडला की विषय मिटला. इथे खरी तपासणी सुरू झाली ती छापल्यावर. २००५ साली त्याच नियतकालिकात अकासोफू आणि कामिदे यांची हरकत आली, तिला मूळ लेखकांचं उत्तरही आलं. मग इतरही सरसावले. हरकतींचा गाभा असा: निर्देशांक हा कुठल्या एका गावाचा नसतो. आज तो होनोलुलू, सॅन हुआन, हर्मानस आणि काकिओका या चार ठिकाणच्या वाचनांतून काढतात, तोही तासाच्या सरासरीनं. कुलाब्याचं वाचन एका गावाचं आणि एका क्षणाचं. दोन्ही एका तराजूत कसे घालणार? २००६मध्ये सिस्को आणि सहकाऱ्यांनी कुलाब्याच्याच वाचनांची ताशी सरासरी काढली, तर उणे ८५०च्या आसपास आलं. २०१३ साली क्लायव्हर आणि डीट्रिख यांनी उणे ९०० सुचवलं. स्पेनच्या कॉन्सुएलो सीद आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली हंगेरीतल्या तिहानी वेधशाळेची २९ ऑक्टोबर २००३ची नोंद पुढे केली. तिचा आकार थेट कुलाब्यासारखा, अचानक खड्डा आणि तितकंच झटपट वर येणं. मग कुलाब्याचा खड्डाही स्थानिक प्रवाहांमुळे असू शकतो, असं त्यांचं म्हणणं.

या वादात कुणी कुणाला खोटं पाडत नव्हतं, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. उणे १६०० आणि उणे ९०० हे एकाच प्रश्नाचे दोन जबाब नाहीत, प्रश्नच दोन आहेत. एक विचारतो, त्या मिनिटाला मुंबईत काय घडलं. दुसरा विचारतो, त्या तासात सगळ्या पृथ्वीवर काय घडलं. हा फरक डोळ्यांपुढे येऊ शकला, कारण वादाच्या तळाशी असलेली मूळ वाचनं कुणालाही पुन्हा मोजता येत होती. १८६०मध्ये फर्ग्युसन यांनी फक्त मोठं वादळ झालं, आडवं बल खूप घटलं, एवढं वाक्य छापलं असतं, तर आज वाद घालायलाही काही उरलं नसतं.

शेवटी जपानच्या नागोया विद्यापीठाचे हिसाशी हायाकावा आणि त्यांचे सहकारी १८५९च्या मूळ वार्षिक वहीपर्यंत पोहोचले. त्यांचा निबंध २०२२ साली अॅस्ट्रोफिजिकल जर्नलमध्ये आला. तोवर सगळी चर्चा आडव्या बलावर चालली होती. त्यांनी पूर्वेकडचा आणि उभा असे उरलेले दोन्ही घटकही वहीतून उभे केले. सूर्यावरून निघालेला लोट पृथ्वीपर्यंत यायला १७.१ तासांहून जास्त वेळ लागलेला नाही, हेही वेळा तपासून दाखवलं. आणि त्यांच्या हाती एक अडचण लागली. वहीत दोन तऱ्हेचे तक्ते आहेत, ताशी वाचनांचे आणि मधल्या सुट्या वाचनांचे. तळाच्या पाच मिनिटांत ते दोन जुळत नाहीत. एक म्हणतो उणे १६९१, दुसरा म्हणतो उणे १२६३. सव्वाचारशेहून अधिक नॅनोटेस्लाचा फरक, म्हणजे हानलेच्या वादळाएवढी नुसती तफावत.

इथे सोपं काय होतं? बरा वाटेल तो आकडा घ्यायचा आणि दुसऱ्याला लिहिणाऱ्याची चूक म्हणायचं. १८५९चा सहायक काही उत्तर द्यायला येणार नव्हता. हायाकावांनी तसं केलं नाही. त्यांनी दोन्ही वाटांनी हिशोब केला, तिसरा मधला केला आणि तीनही उत्तरं छापली: उणे ९१८, उणे ९७९, उणे ९४९. वाचणाऱ्यानं काय ते ठरवावं.

पण श्रेय आधी द्यायचं ते १८६०च्या छापखान्यापर्यंत मजकूर नेणाऱ्यांना. स्वच्छ प्रत करताना दोन तक्त्यांतली विसंगती कुणाच्याच नजरेला पडली नसेल, असं मानणं मला जड जातं. साहेबाच्या नावानं जाणारं पुस्तक, त्यात वर्षातल्या सगळ्यात मोठ्या घटनेवर दोन आकडे भांडताहेत. एक खोडून दुसऱ्याशी मिळवून टाकणं किती सहज होतं! प्रयोगवहीतले आकडे परीक्षेच्या आदल्या रात्री सूत्रातून उलटे काढून भरलेल्या आपल्या पिढ्यांना तर हे सांगायलाच नको. त्यांनी ते केलं नाही. कारण प्रामाणिकपणा असो की नुसता कारकुनी नियम, परिणाम एकच झाला.

अलिबागची वेधशाळा आता इंटरमॅग्नेट या आंतरराष्ट्रीय जाळ्यात आहे. तिथे दर मिनिटाचं वाचन द्यावं लागतं, अंतिम आकडे पाच नॅनोटेस्लापर्यंत बरोबर असावेत अशी अट आहे आणि वर्षाचे आकडे जाहीर होण्यापूर्वी दुसऱ्या देशांतले जाणकार ते तपासतात. ग्योटिंगेनच्या घड्याळाचीच ही पुढची आवृत्ती म्हणायची. सूर्याकडे बघणारं भारताचं आदित्य-एल१ यान श्रीहरिकोट्याहून उडालं तेही २ सप्टेंबरला, २०२३ साली. वेळ सकाळी ११ वाजून ५० मिनिटं. योगायोगच.

कुलाब्याच्या वहीत मात्र कुणी दुरुस्ती केलेली नाही. २ सप्टेंबर १८५९च्या सकाळचे दोन्ही आकडे १८६०मध्ये छापले तसेच तिथे आहेत, न जुळणारे.